दारं धरणारं यंत्र

आमच्या घरी पाहुणे आले की एक प्रश्न ठरलेला असतो. चहाचा पहिला घोट झाला की कुणीतरी विचारतंच, "तुमची मुलगी रोबो बनवते म्हणे. म्हणजे नेमकं करते काय?" सुरुवातीला आम्ही कपाटावरची छोटी ट्रॉफी दाखवायचो आणि विषय संपवायचो. आता तसं करत नाही, कारण तिने खरं काय केलं हे सांगायला ट्रॉफी पुरत नाही. हा लेख लिहायला घेतला तो त्यासाठीच. लिहितोय आम्ही दोघं, तिचे अम्मी-अब्बा. वाक्यं एकाची, दुरुस्त्या दुसऱ्याच्या.

आम्ही बेल्ह्याचे. जुन्नर तालुक्याच्या पूर्वेला, कल्याण-नगर रस्त्यावरचं हे गाव सोमवारच्या बैलबाजारामुळे लांबलांबपर्यंत माहीत आहे. गावात आमचं मोटार रिवाइंडिंगचं दुकान आहे. जळालेल्या पाणबुडी मोटारी उघडायच्या, तांब्याची तार नव्याने भरायची, बेअरिंग बदलायचं, ही आमची रोजी. आमची मोठी लेक लहानपणापासून दुकानात बसून तारेचे वेढे मोजायची. वेढे मोजण्यात तिची चूक होत नसे, आमची कधीकधी व्हायची. पुढे ती अभियांत्रिकीला गेली आणि दुसऱ्या वर्षी तिथल्या रोबोटिक्स संघात शिरली. संघ पाच जणांचा: दोन मुलं बेल्ह्याची, एक मुलगा राजुरीच्या शेतकऱ्याचा, एक मुलगी आण्याची आणि आमची लेक.

रोबो म्हणजे माणसासारखं डोकं, हात आणि लुकलुकणारे डोळे, एवढीच आमची कल्पना होती. ती तिने मोडली खोडदला. २८ फेब्रुवारीला, राष्ट्रीय विज्ञान दिनी, खोडदच्या रेडिओ दुर्बिणीचं आवार लोकांसाठी खुलं होतं, प्रदर्शन भरतं, आसपासच्या शाळांची पोरं आपापले प्रयोग घेऊन येतात. २०२४ साली ती आम्हाला घेऊन गेली. इतकी वर्षं आम्ही नारायणगावला जाता-येता त्या पांढऱ्या तबकड्या लांबूनच पाहत होतो. प्रत्येकीचा व्यास ४५ मीटर, आणि अशा ३० तबकड्या पंचवीसेक किलोमीटरच्या परिसरात पसरलेल्या. प्राध्यापक गोविंद स्वरूप यांनी त्या भरीव पत्र्याऐवजी पोलादी तारेच्या बारीक जाळीच्या केल्या, म्हणून वारा आरपार जातो आणि खर्चही आवाक्यात राहतो. आमच्यासमोर एक तबकडी हळूहळू वळू लागली. लेक म्हणाली, "अब्बा, हाही एक रोबोच. कुठे पाहायचं ते ठरवतो, मोटारीने वळतो, नीट वळलो का ते तपासतो. ओळखायचं, ठरवायचं, करायचं. ही तीन कामं केली की झाला रोबो." मोटारीने वळतो म्हटल्यावर विषय आमच्या दुकानापर्यंत आला आणि आम्हालाही गोडी लागली.

पहिल्या वर्षी त्यांनी सगळे करतात तेच केलं. काळ्या पट्टीवरून आपोआप पळणारी गाडी, चेंडू ढकलणारी गाडी, अडथळ्यांची शर्यत. चार ठिकाणी गेले, तीन ठिकाणी हरले, एका ठिकाणी पट्टीवरच्या शर्यतीत दुसरे आले. कपाटावरची ट्रॉफी तीच. या खेळांना आम्ही कमी लेखत नाही. आशिया-पॅसिफिक देशांच्या विद्यार्थ्यांची रोबोकॉन स्पर्धा २००२ साली टोकियोत सुरू झाली. पुढे २००८ आणि २०१४ साली ती आपल्या पुण्यात भरली, आणि २००८ चा खेळ तर चक्क दहीहंडीवर बेतलेला होता. अशा खेळांतून मुलं हात चालवायला, वेळ पाळायला आणि हरायला शिकतात. पण ती गाडी घरच्या फरशीवर पळताना पाहून दादींनी आपल्या बोलीत विचारलं, "चलती तो अच्छी है, मगर काम क्या करती?"

लेक हसली, पण त्या रात्री ती बराच वेळ जागी होती.

काम सापडलं ते राजुरीच्या मुलाच्या घरी. आमच्या भागात शेतीची वीज पाळीने येते; काही दिवस दिवसा, काही दिवस रात्री. रात्रपाळीच्या आठवड्यात शेतकऱ्याला रात्रीच शेतात जावं लागतं. मोटार चालू करायला जावं लागत नाही. वीज आली की ऑटो स्विच मोटार आपोआप उचलतो, मोबाईलवरूनही ती चालू-बंद होते. जावं लागतं ते दारं धरायला. एक सारा भिजला की त्याचं तोंड मातीने बंद करायचं आणि पुढच्याचं उघडायचं, हे काम अजून फावड्यानेच होतं. आणि जुन्नर-आंबेगावात रात्री फावडं घेऊन उसाच्या कडेने जाणं म्हणजे काय, हे इथल्या माणसाला सांगावं लागत नाही. बिबट्या उसात राहतो, उसातच पिल्लं वाढवतो. माणिकडोहला बिबट्यांसाठी निवारा केंद्र उभं राहिलं ते उगाच नाही. त्या मुलाचे वडील दारं धरायला निघाले की त्याची आई ते परत येईपर्यंत ओट्यावर बसून राहायची. मुलाने हे संघात सांगितलं आणि पट्टीवरची गाडी बाजूला पडली.

ठरलं असं: पाटातून प्रत्येक साऱ्याला पाणी जातं तिथे पत्र्याचं एक दार बसवायचं. साऱ्याच्या शेवटच्या टोकाला दोन कांड्या रोवायच्या. पाणी तिथवर पोचलं की दोन कांड्यांमधून किंचित वीज वाहते, बोर्डाला निरोप जातो, या साऱ्याचं दार पडतं आणि पुढच्याचं उघडतं. अशी सहा दारं. सहा सारे भिजले की मोटार बंद. दारं उचलायला भंगारातून जीपगाड्यांच्या वायपर मोटारी आणल्या. त्या बारा व्होल्टवर चालतात आणि त्यांच्यात चांगला जोर असतो. बॅटरी जुन्या मोटारसायकलची. बोर्ड तेवढा विकत आणला.

पहिल्या कांड्या तांब्याच्या होत्या. आठवड्यात हिरव्या पडल्या आणि झिजल्या. ओल्या मातीत एकाच दिशेने वीज वाहत राहिली की तांबं खाल्लं जातं, हे पोरांनी पुस्तकात वाचलं होतं, पण प्रत्यक्ष पाहिलं नव्हतं. अब्बांनी दुकानातून जुन्या सेलमधल्या काळ्या कांड्या काढून दिल्या. त्या कार्बनच्या, तांब्यासारख्या गंजत नाहीत. शिवाय वीज सतत न ठेवता मिनिटाला एकदाच, क्षणभर सोडायची, असं लेकीने ठरवलं. त्यानंतर कांड्यांनी त्रास दिला नाही. आमच्या घरातल्या कुणाचं नाव या यंत्रावर असेल तर ते या कांड्यांवर.

याच काळात त्यांनी गावात फिरून लोकांना दाखवायला सुरुवात केली. कल्पना आण्याच्या मुलीची. सोमवारच्या बाजारात एक टेबल, त्यावर मातीचे दोन छोटे सारे, बाटलीतून पाणी आणि एक दार. बैल बघायला आलेली माणसं थांबून दार पडताना बघत. मग पोरं जिल्हा परिषदेच्या शाळेत गेली आणि एका शुक्रवारी आमच्या मशिदीतल्या मकतबमध्येही गेली. तिथे काय बोलायचं यासाठी लेकीने वाचन केलं, तेव्हा तिला अल-जझरी सापडले. आठशे वर्षांपूर्वी दियारबकीरच्या अर्तुकी दरबारात काम करणारे हे कारागीर. १२०६ साली त्यांनी पन्नास यंत्रांचं पुस्तक अरबीत पुरं केलं: पाणी उचलणारी यंत्रं, हत्तीवरचं घड्याळ, आणि बादशहाला वुजूसाठी आपोआप पाणी ओतणारं यंत्रसुद्धा. मकतबमधल्या मुलांना वुजूचं यंत्र फार आवडलं. आम्हाला दुसरीच गोष्ट भावली. ज्या कारागिरीची प्रत्यक्ष परीक्षा झालेली नाही, ती खऱ्या-खोट्याच्या मध्येच लटकलेली राहते, असं त्यांचं मत होतं. ही ओळ पुढे आम्हाला कशी आठवणार आहे, हे तेव्हा ठाऊक नव्हतं.

बाजारात एका म्हाताऱ्या शेतकऱ्याने विचारलं होतं, "पोरी, दारात गवत अडकलं तर?" लेक म्हणाली, "काका, त्याचा विचार करतोय." खरं तर केला नव्हता.

फेब्रुवारीत राजुरीच्या कांद्याच्या शेतात यंत्र बसवलं. रात्रपाळीचा आठवडा होता. पहिली रात्र व्यवस्थित गेली. दुसरीही गेली. त्या मुलाची आई म्हणाली, की कित्येक वर्षांनी रात्रपाळीच्या आठवड्यात घरातले सगळे एका वेळी झोपले.

तिसऱ्या रात्री तिसऱ्या दारात गवताचा पुंजका आणि एक प्लॅस्टिकची पिशवी अडकली. दार पूर्ण पडलंच नाही. पण वायपर मोटार ठरलेली सेकंदं फिरली होती, म्हणून बोर्डाने मानलं की दार पडलं. तिसऱ्या साऱ्यात पाणी येतच राहिलं, बांध फुटला आणि पाणी शेजाऱ्याच्या काढणीला आलेल्या हरभऱ्यात शिरलं. रात्री दोन वाजता शेजाऱ्याचा फोन आला. मुलाचे वडील झोपेतून उठले आणि घाईत एकटेच, बॅटरी आणि काठी घेऊन गेले. पाणी बंद करून परत आले. सकाळी आम्ही सगळे तिथे गेलो तेव्हा पाटाच्या कडेच्या ओल्या चिखलात त्यांच्या चपलांचे ठसे होते आणि त्यांच्याशेजारी बिबट्याचे. ते आधीचे की नंतरचे, कोण सांगणार? अल्लाहने वाचवलं, एवढंच आम्ही म्हणालो. लेक एक शब्दही बोलली नाही.

त्या सकाळी आम्हाला एक गोष्ट नीट कळली. यंत्र नसतं तर ते जागे असते, तयारीने, कुणालातरी सोबत घेऊन गेले असते. यंत्राने त्यांना निर्धास्त केलं आणि मग ऐन वेळी दगा दिला. कुणी आपल्या भरवशावर झोपतो तेव्हा त्याची झोप आपल्याकडे अमानत असते. पाचही जणांनी पैसे काढून हरभऱ्याची भरपाई दिली. शेजारी घ्यायला तयार नव्हता. बऱ्याच आग्रहानंतर त्याने अर्धे घेतले.

मग दुरुस्ती सुरू झाली. अब्बांनी सांगितलं, आधी यंत्र बिघडलं तर काय व्हावं ते ठरवा, चाललं तर काय व्हावं ते नंतर. दार पूर्ण बसलं तरच दाबलं जाईल असं बटण प्रत्येक दाराखाली लावलं. ते दाबलं गेलं नाही तर पाण्याची मोटारच बंद. स्टार्टरच्या कॉइलच्या वायरीत एक रिले घातला, असा की बोर्ड बंद पडला किंवा बॅटरी संपली तरी तो सुटतो आणि मोटार थांबते. नुकसान झालं तर एवढंच, की सारे कोरडे राहतील. कोरडा सारा उद्या भिजवता येतो. दरम्यान लेक आणि दोन मुलं बेल्हे-जेजुरी रस्त्याने पाबळला विज्ञान आश्रम पाहून आली. डॉ. कलबाग यांनी १९८३ साली सुरू केलेल्या या आश्रमात २००२ साली अमेरिकेतल्या एमआयटीच्या साथीने फॅब लॅब उभी राहिली. खेड्यातली मुलं तिथे खेड्याच्या अडचणींवर यंत्रं बनवतात. पोरं तिथून हुशारीपेक्षा धीर जास्त घेऊन आली.

२०२५ च्या मार्चमध्ये पुण्यातल्या एका महाविद्यालयात स्पर्धा होती. दोन दिवस, आणि रमजान. घरात चर्चा झाली. रोजा ठेवून प्रवास, रात्री मुक्काम, सोबत मुलं. दोन नातेवाइकांनी फोन करून समजावलं. आम्हीही घाबरलो होतो, हे लपवत नाही. तेव्हा लेकीने आम्हाला अफगाणिस्तानातल्या हेरातच्या मुलींची गोष्ट सांगितली. २०१७ साली वॉशिंग्टनच्या रोबो स्पर्धेसाठी त्यांना दोनदा व्हिसा नाकारला गेला, तरी शेवटी त्या पोचल्या. पुढे कोरोनाच्या काळात त्याच संघाच्या मुलींनी टोयोटा कोरोला गाडीच्या भागांतून स्वस्त व्हेंटिलेटर बनवला. "त्यांच्या अब्बा-अम्मींना आपल्यापेक्षा कमी भीती होती का?" तिने विचारलं. उत्तर नव्हतं. मुक्काम कोंढव्याला तिच्या खालाकडे ठरला, आण्याची मुलगीही तिच्यासोबत. सहेरी करून पाचही जण टेम्पोत यंत्र घालून निघाले.

संध्याकाळी इफ्तारनंतर तिचा फोन आला. उद्या परीक्षकांना द्यायच्या अहवालात एक रकाना होता: प्रत्यक्ष जागेवरची चाचणी आणि तिचा निकाल. त्यांच्या नोंदीत अकरा रात्री होत्या. दहा नीट गेल्या, एक फसली. शिवाय नवी सुरक्षा बसवल्यापासून दारात काही अडकलंच नव्हतं, म्हणजे ती सुरक्षा खऱ्या गवतावर अजून तपासलेली नव्हती. संघात वाद झाला होता. एक जण म्हणत होता, दहा रात्री यशस्वी एवढंच लिहू. ते खोटं कुठे आहे? पहिलं बक्षीस मोठं होतं. त्यातून आणखी दोन शेतांची यंत्रं झाली असती.

इथे आम्हाला एक कबुली द्यायची आहे. फोनवर आम्ही लगेच "खरं तेच लिही" म्हणालो नाही. आम्ही दोघं क्षणभर गप्प बसलो. दुकानाचा महिना मंदीचा होता, तिची फी भरायची होती, आणि दहा रात्री खरंच नीट गेल्या होत्या. इतरांना दीनदारीचे सल्ले देणं किती सोपं असतं, हे त्या शांततेत कळलं. मग तिकडूनच ती म्हणाली, "अम्मी, मी विचारायला फोन नाही केला. सांगायला केला. अकराच्या अकरा रात्री लिहिल्यात. पिशवीचा फोटोही लावलाय." वाद कसा मिटला, असं विचारलं. म्हणाली, "राजुरीचा मुलगा बोलला. तो म्हणाला, त्या रात्री गेले ते माझे वडील होते."

दुसऱ्या दिवशी परीक्षकांनी बाकी सगळं पटकन पाहिलं आणि त्या एका पानावर बराच वेळ प्रश्न विचारले. एका परीक्षक मॅडमनी टेबलावरच्या दारात कागदाचा बोळा कोंबायला सांगितलं. दार अडकलं, रिले सुटला, दिवा विझला. त्यांनी मान डोलावली. निकालात पहिल्या तिघांत संघाचं नाव नव्हतं. जिंकलेली यंत्रं खरोखर चांगली होती, असं लेकच म्हणाली. मगरिबच्या वेळी संघातल्या मुलांनी जिन्याखालच्या कोपऱ्यात वर्तमानपत्र अंथरून खजूर, केळी आणि पाण्याच्या बाटल्या मांडून ठेवल्या होत्या. रोजा तिचा एकटीचा होता, पण त्या दिवशी दुपारी त्यांच्यापैकी कुणीच जेवलं नव्हतं. ते रोजा म्हणून नव्हे. धावपळीत राहून गेलं होतं. पाचही जणांनी एकत्र खाल्लं.

ईदनंतर त्यांनी पाटात दारांच्या आधी तिरकी जाळी बसवली, म्हणजे गवत वर सरकतं आणि दारापर्यंत जात नाही. मग मुद्दाम जाळी काढून दारात गवत, पिशवी, चिंधी, काय काय कोंबलं. दर वेळी मोटार बंद पडली. ही चाचणी त्यांनी सोमवारच्या बाजारातही केली. गवताचा प्रश्न विचारणारे काका त्या दिवशी दिसले नाहीत, म्हणून लेक पुढच्या सोमवारी पुन्हा गेली आणि त्यांना शोधून उत्तर देऊन आली.

यंत्र आज एकाच शेतात आहे. ते सहा सारे सांभाळतं, सगळं शेत नाही. बिबट्याचा आणि रात्रीच्या पाण्याचा खरा इलाज दिवसा वीज हाच आहे, हे पोरंही मान्य करतात; तोवर निदान एका घरातला माणूस थोडा कमी वेळा अंधारात जाईल. आणि मकतबमधली एक आठवीतली मुलगी आता दर रविवारी आमच्या दुकानात येऊन बसते. तिला वुजूचं यंत्र करायचं आहे, गरजेपुरतंच पाणी सोडणारं.

वाचक बहीण-भावांनो, तुमच्या घरात असं पोर असेल तर महागडा संच आणायची घाई करू नका. भंगारातली वायपर मोटार आणि साधा जुना सेल पुरतो; सेल मात्र मोठ्या माणसाने उघडावा, आणि मोबाईलची बॅटरी कधीच उघडू नये. शाळेत अटल टिंकरिंग लॅब असेल तर तिथे जाऊन विचारा. मुलीला पाठवताना भीती वाटेल, तीही स्वाभाविक आहे. आणि पोराने काही बनवून दाखवलं की कौतुक जरूर करा, पण दादींचा प्रश्नही विचारा: हे काम काय करतं? त्याला जोडून आमचा एक: बिघडलं तर कुणाला त्रास होईल?

दादींना आम्ही सगळी हकीकत सांगितली. त्यांनी शेवटपर्यंत ऐकलं आणि विचारलं, "तो अब वो बाई रात को सोती है ना?"

सोती है, आम्ही म्हणालो.